उंदरांना मजला नसतो : आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,
आपली गृहनिर्माण सोसायटी, परळ, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी जिन्याखालच्या फळ्यावर तुम्ही नोटीस लावलीत. ‘उंदरांचा उपद्रव मुख्यत्वे तळमजल्यावर असल्याने तळमजल्यावरील सभासदांनी आपापल्या सदनिकेचा बंदोबस्त स्वखर्चाने करावा. सामाईक जागेत कंत्राटदारामार्फत औषध व ग्लू पॅड ठेवण्यात येतील. डक्ट दुरुस्तीचा विषय पुढील अंदाजपत्रकाच्या वेळी विचारात घेण्यात येईल.’ खाली सही, शिक्का.

हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून मी ती नोटीस दोनदा वाचली. सकाळचे अकरा वाजले होते. पिशवीपासून चार हातांवर, भिंतीच्या कडेने, एक चांगला पोसलेला उंदीर मीटरबॉक्सकडे निघून गेला. पळाला नाही, गेला. माझे वडील म्हणायचे, उंदीर दिवसा दिसायला लागला म्हणजे समजायचं, रात्रीची जागा भरली.

या विषयावर दीड वर्षात मी तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे चौथं पत्र उघड्यावर लिहिते आहे. दुसरं कारण असं, की भावजय, मैत्रिणी, बाजारात भेटणाऱ्या बायका, ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकीच्या सोसायटीत हेच चाललंय: औषध टाका, पॅड लावा, बिल भरा, पुढच्या महिन्यात पुन्हा औषध टाका. त्यांनीही हे वाचावं.

आधी माझा या विषयाशी संबंध सांगते, कारण ‘या बाईंना उंदरांचं वेड लागलंय’ असं मागच्या सभेत कुणीतरी हळूच म्हणालं, ते मला ऐकू आलं. माझे वडील, अण्णा, महापालिकेत रात्रपाळीला उंदीर मारायचे. हो, ती नोकरी होती आणि आजही आहे. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. बाजार, गल्ल्या, गोदामांच्या मागच्या बाजू पालथ्या घालायच्या. रात्रीला 30 उंदरांचा कोटा. सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यायचे, त्यातले काही प्लेगच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जायचे. अण्णा घरी आले की आधी मोरीत हातपाय धुवायचे, मग चहा. आई त्यांची काठी घरात घेऊ देत नसे. ती दाराबाहेर कोपऱ्यात उभी असायची.

तेव्हा उंदीर मारायला माझी ना नाही. मी मारलेत. पण अण्णांनी आम्हाला मारण्याआधी बघायला शिकवलं. लेंडी बघून सांगायचे कोण येऊन गेलं. तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, ओट्यावर विखुरलेली, तर ती घरातली पिटुकली उंदरी. अर्ध्या इंचाची, दोन्ही टोकांना निमुळती, पाइपाच्या आसपास किंवा माळ्यावर, तर तो काळा उंदीर, चढणारा. औषधाच्या कॅप्सूलसारखी जाड, जमिनीलगत, आणि जवळ ताज्या मातीचा ढीग, तर घूस. मागच्या गल्लीतल्या लाद्या खचल्यात ना, ज्यासाठी आपण गेल्या वर्षी ठेकेदाराला दोष दिला, त्या घुशींनी खालून पोखरल्यात. ढीग अजून तिथे आहे. कुणीही जाऊन बघावं.

आता नोटिशीतलं पहिलं वाक्य. उपद्रव ‘मुख्यत्वे तळमजल्यावर’.

मागच्या शनिवारी मी प्लंबरला घेऊन डक्टच्या तळाशी गेले. स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं यांच्यामधला तो बोळ. चारही मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप त्यातून उतरतात आणि तो खाली मागच्या गल्लीत उघडा आहे. तिथे उभं राहून बॅटरी वर मारली. चौथ्या मजल्यापर्यंत पाइपाच्या बाजूने भिंतीवर एक काळपट, तेलकट पट्टा गेलेला दिसतो. रोज एकाच वाटेने अंग घासत गेल्यावर असा पट्टा पडतो. ही काळ्या उंदराची वाट. तो उत्तम चढतो, पाइप त्याला जिन्यासारखा. दुसऱ्या मजल्यावर पाइप भिंतीत शिरतो तिथलं प्लास्टर पडलंय. प्लंबरने भोकात अंगठा घातला, तो सहज आत गेला. उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते आणि घरातल्या छोट्या उंदरीला पाव इंचाची, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीची. अशी भोकं आम्ही बॅटरीच्या उजेडात मोजली. 23 भरली. त्यांतली फक्त चार तळमजल्यावर आहेत.

तळमजल्यावर उंदीर जास्त दिसतात, हे खरं. ते जेवायला खाली येतात म्हणून दिसतात. आणि जेवण वरून येतं. हे लिहिताना मला संकोच होतो, कारण वरच्या मजल्यांवर माझी माणसं आहेत, ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते. पण डक्टच्या तळाशी मला काय दिसलं ते सांगते: भाताची शितं, चहाचा चोथा, पावाचे तुकडे, अंड्यांची टरफलं, एक अख्खी शिळी पोळी आणि मूठ-मूठ ज्वारी. ज्वारी कबुतरांची. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये केवढं रान उठलं, ते आपण सगळ्यांनी चवीने वाचलं. आपल्या खिडकीच्या कट्ट्यावरची मूठभर ज्वारी मात्र कुणाला कबुतरखाना वाटत नाही. कबुतर दिवसा जे सांडतं ते उंदीर रात्री वेचतो.

आमचंही चुकतं, तेही लिहून ठेवते. तळमजल्यावर आम्ही चौघींनी वर्षानुवर्षं जुने डबे, लाकडं, गाद्या मागच्या दाराबाहेर रचल्या. माझ्या दाराबाहेर सासूबाईंचं लाकडी कपाट होतं. गेल्या महिन्यात ते काढलं तर खालच्या खणात वर्तमानपत्राच्या कातऱ्यांचं घरटं आणि त्यात सहा गुलाबी पिल्लं. मादी तीन आठवड्यांत विते, आणि वेतात सहा-आठ पिल्लं सहज असतात. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. कपाट मी भंगारात दिलं. बाकीच्या तिघींनीही मागचं दार मोकळं केलंय, येऊन बघा.

आता माझ्या घरातलं. गेल्या ऑगस्टमध्ये, सलग दोन दिवस पाऊस लागला तेव्हा पंपरूममध्ये गुडघ्याखाली पाणी भरलं. मागच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण फुटलेलं, पाणी तिथून उलटं आलं. त्या फुटक्या झाकणाबद्दलचा माझा दुसरा अर्ज जूनमधला आहे. वॉचमन गावी गेलेला. पंप बंद पडला तर अख्ख्या इमारतीला पाणी नाही, म्हणून आमचे हे चपला काढून आत उतरले आणि स्विच वर बांधून आले. टाचेला भेग होती. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की चादरीचा स्पर्श नको. आम्ही दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा हॉस्पिटलात नेलं. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. नऊ दिवस तिथे काढले. ते जंतू पंपरूमच्याच पाण्यातले होते, हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. एवढं मात्र आता पाठ झालंय: लेप्टोचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून माणसात शिरतात. अशा पाण्यात उतरावं लागलं तर 72 तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यायची असते. हे आम्हाला नंतर कळलं. सोसायटीच्या फळ्यावर वाहनतळाच्या नियमांची चार पानं आहेत, ही एक ओळ कधी लागली नाही.

मुंबईला हे नवं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यानंतर लेप्टोने माणसं नेली. त्याही आधी, 1896 च्या सप्टेंबरात, मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तोही धान्याची गोदामं आणि दाटीवाटीची घरं असलेल्या भागात. डॉ. हाफकिन यांनी पुढच्या जानेवारीत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आपण तिच्यासमोरून बसने जातो. पण शहराने तेव्हा फक्त लस टोचली नाही. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढून गल्ल्या रुंद केल्या, हवा-उजेड आत घेतला. त्या ट्रस्टने गरिबांची घरं पाडली हेही खरं, तो वेगळा विषय. सांगायचं एवढंच की सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे अँटिबायोटिक नव्हतं त्यांनाही कळलं होतं की घर सुधारल्याशिवाय साथ हटत नाही.

आपली समिती मात्र आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं करते आहे.

औषधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला शांत बसू न देणारी गोष्ट ती आहे. फेब्रुवारीतली दुपार. वॉचमनची चार वर्षांची मुलगी मीटरबॉक्सशेजारी उकिडवी बसली होती. हातात निळी, चौकोनी वडी. मी विचारलं, काय गं हे? म्हणाली, बर्फी. मी ती हिसकावून घेतली. एका कोपऱ्यावर दातांचे ठसे होते. उंदराचे की पोरीचे, कळायला मार्ग नव्हता.

कंत्राटदाराला फोन लावला. त्याला औषधाचं नाव सांगता येईना. ‘उंदराचं औषध आहे मॅडम, काही होत नाही.’ चौथ्या फोनला नाव कळलं: ब्रोमाडायोलोन. हे रक्त गोठू न देणारं औषध. खाल्लं की लगेच काही दिसत नाही, रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. म्हणून डॉक्टरांनी तपासणी त्या दिवशी केली आणि 48 तासांनी पुन्हा केली. ते दोन दिवस तिची आई रोज सकाळी पोरीच्या हिरड्या बघायची. रिपोर्ट चांगले आले. याला निदान व्हिटॅमिन के हा उतारा तरी आहे. दुकानात सर्रास मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला किंवा झिंक फॉस्फाइडला उताराच नाही. आमच्या शेजारणीने तुमची नोटीस वाचून, ‘स्वखर्चाने’ म्हणून, तसलीच पेस्ट आणली होती आणि टोमॅटोला लावून ओट्याखाली ठेवली होती. मी ती तिच्यादेखत गुंडाळून बाजूला करायला लावली. समितीने प्रत्येक घरावर बंदोबस्त सोपवला की काय होतं, त्याचा हा नमुना.

वॉचमनच्या मुलीच्या त्या घटनेनंतर मी सचिवांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, आता मुलांना सांभाळायला हवं. वडी कुठे-कुठे ठेवली याची यादी सोसायटीकडे नाही. कुलूप लागणारे डबे, ज्यांत उंदीर शिरतो पण पोराचा हात जात नाही, ते कंत्राटात नाहीत. धोक्याची पाटी नाही.

कंत्राटदार असंही सांगतो की हे खाल्लं की उंदराला तहान लागते आणि तो बाहेर पाणी शोधत जाऊन मरतो. हे खोटं आहे. उंदीर जिथे जीव जाईल तिथे मरतो, बहुतेक वेळा बिळात नाहीतर डक्टमध्ये. मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावर साखरपुडा होता. आठवडाभर उदबत्त्या, धूप, कापूर सगळं लावून झालं, तरी पाहुणे नाकाला रुमाल लावून पेढे खात होते. त्या घरच्यांनी समितीला एक शब्द विचारला नाही. मी विचारते आहे.

ग्लू पॅडचं थोडक्यात. मागच्या खेपेला लावलेल्या पॅडवर चिकटली ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदीर नाही, ती झुरळं-किडे खाते. अण्णा तिला कधी मारू देत नसत. ती रात्रभर चिरकत होती. सकाळी मी खायचं तेल टाकून सोडवायला गेले, तोवर पोटाकडची कातडी सुटली होती. सफाईवाल्या ताईंनी पॅडसकट पिशवीत भरली, जिवंत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने हे पॅड वापरू नयेत असं राज्यांना कळवलेलं आहे. आणि ते सोडलं तरी, अडकलेला घाबरलेला उंदीर त्याच पॅडवर हगतो-मुततो, ते उचलायचं कुणी? ज्या बाईला आपण हातमोजेसुद्धा दिले नाहीत, तिने.

अध्यक्षसाहेब, मागच्या सभेत तुम्ही म्हणालात, ‘मुंबईत उंदीर असणारच, हवाच तशी आहे.’ त्यावर माझ्या भाच्याचं ऐका. तो अमेरिकेत फिनिक्सला राहतो. भर वाळवंटातलं शहर, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. तिथे त्याच्या परसातल्या झाडावरची संत्री आतून पोखरलेली, नुसती साल लटकलेली. कुणी पोखरली? आपल्या डक्टमधल्याच काळ्या उंदराच्या भाऊबंदांनी. तिकडे त्याला रूफ रॅट म्हणतात. 2001 च्या आसपास संत्र्यांची जुनी झाडं असलेल्या एका वस्तीत तो सापडला आणि मग पसरला. वाळवंटात तो जगतो कशावर? बागेला सोडलेल्या पाण्यावर, कुत्र्यासाठी ठेवलेल्या वाडग्यावर, पडलेल्या फळांवर. तिथे लोकांना सांगतात ते असं: फळ झाडावर ठेवू नका, पडलेलं उचला, गळका नळ दुरुस्त करा, छपरातली फट जाळीने बंद करा, झाडाची फांदी छपराला टेकू देऊ नका. भाच्याने हे केलं आणि सोबत दोन सापळे लावले. आता संत्री तो खातो.

तेव्हा हवेला दोष देऊ नका. आपण वाळवंटाहून वाईट केलंय. काळ्या उंदराला रोज पाणी लागतं. आपल्या डक्टमध्ये अकरा एसींच्या नळ्या उघड्यावर ठिबकतात.

सापळ्यांचंही शास्त्र आहे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्याच रात्री सापळा लावून ‘उंदीर हुशार झालेत’ म्हणण्यात अर्थ नाही. अण्णा पिंजरा चार दिवस न लावता, दार बांधून, नुसता सुक्या बोंबलाचा तुकडा घालून भिंतीलगत ठेवायचे. पाचव्या रात्री लावायचे. मग एका रात्रीत तीन-तीन. पण ते हेही म्हणायचे की काठीने आणि पिंजऱ्याने मी कोटा भरतो, उंदीर कमी करत नाही. जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतले येतात.

पैशाचं बोलते, कारण समितीचा शेवटचा मुद्दा नेहमी तोच. कंत्राट महिना साडेचार हजार. वर्षाचे 54,000, तीन वर्षांचे 1,62,000. डक्टमधली सगळी भोकं जाळी घालून सिमेंटने बुजवणे, डक्टच्या तळाला जाळीचं दार, उंदीर चढू नये म्हणून पाइपांना पत्र्याच्या तबकड्या, मागच्या गल्लीतल्या सहा चेंबरची नवी झाकणं, प्रत्येक न्हाणी ट्रॅपला जाळी आणि एसीच्या नळ्या एका पाइपात घेणे, या सगळ्याचा अंदाज मी प्लंबर आणि गवंड्याकडून लेखी घेतला आहे: 85,000. हे एकदाच. कागद सोबत जोडला आहे. फोमने भोकं बुजवायचा स्वस्त प्रस्ताव कुणी आणला तर घेऊ नका, उंदीर फोम एका रात्रीत कुरतडतो.

आणि सामाईक सांडपाण्याच्या वाहिन्या, चेंबर, बाहेरची दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची, हे आपल्या आदर्श उपविधींतच लिहिलं आहे. तो तळमजल्याचा खर्च नाही. ‘पालिकेचं काम आहे’ हेही उत्तर मला दिलं गेलं. रस्त्यावरच्या गटारातली बिळं पालिकेची, त्यासाठी पालिकेच्या 1916 या फोन नंबरवर मी दोनदा तक्रार केली, माणसं येऊन गेली. डक्ट पालिकेचा नाही.

एक गोष्ट राहून गेली. जानेवारीत अध्यक्षांच्या गाडीची वायरिंग कुरतडली गेली, आणि तिसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. कंत्राट त्याच बैठकीत वाढलं. यात मी काही वाकडं म्हणत नाही. तुम्ही सगळे बिनपगारी काम करता, संध्याकाळी घरी येऊन हिशेब बघता, हे मला माहीत आहे. पण आमच्या यांचे नऊ दिवस आणि त्या पोरीचे 48 तास यांच्यासाठी बैठक झाली नाही, हे मी विसरू शकत नाही.

माझ्या मागण्या अशा:

रविवारची नोटीस मागे घ्या. उंदरांचा बंदोबस्त हा सर्व 32 सभासदांचा सामाईक खर्च आहे, असं नव्या नोटिशीत लिहा.

डक्ट, चेंबर आणि न्हाणी ट्रॅपचं काम जूनच्या पहिल्या आठवड्याआधी पूर्ण करा. पाऊस लागल्यावर गवंडी मिळत नाही आणि सिमेंटही नीट सुकत नाही.

सामाईक जागेतल्या उघड्या औषधाच्या वड्या याच आठवड्यात उचला. पुढे औषध वापरायचंच असेल तर कुलपाच्या डब्यात, डब्यावर औषधाचं नाव आणि उतारा लिहून, आणि जागांची यादी फळ्यावर. ग्लू पॅड पूर्ण बंद.

डक्टमध्ये कचरा टाकणं आणि खिडकीत कबुतरांना दाणे घालणं थांबवा. दंड नको, सुरुवातीला तरी. समितीतल्या एकाने आणि आमच्यातल्या एकीने मिळून दारोदार जाऊन बोलायचं. मी तयार आहे. ओला कचरा रात्री जिन्याखाली उघड्या पिंपात राहतो, त्या पिंपाला घट्ट झाकण हवं.

सफाईवाल्या ताईंना हातमोजे आणि गमबूट, सोसायटीच्या खर्चाने. पंपरूममध्ये पाणी शिरलं तर कुणीही अनवाणी उतरायचं नाही, आणि उतरावंच लागलं तर डॉक्टरकडे जायचं, ही सूचना पंपरूमच्या दारावर.

यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर ती बोलवावी लागते. म्हणजे आपल्याकडे सात सह्या. माझ्याकडे अकरा आहेत. त्यांतल्या पाच तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या आहेत, एक त्या ज्वारीवाल्या काकूंची. मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी लवकर गच्चीवर सभा घेतली तर उन्हाचा त्रास होणार नाही. खुर्च्या आम्ही लावू.

आपली,
तळमजला, घर क्रमांक 3

ता. क. – डिसेंबरमध्ये सोसायटीच्या ऑफिसात उंदीर शिरला तेव्हा सचिवांनी अण्णांचा लाकडी पिंजरा माझ्याकडून नेला होता. तो अजून परत आलेला नाही. कृपया वॉचमनबरोबर पाठवावा. दाराची स्प्रिंग सैल झाली असली तर तशीच पाठवा, मी घालून घेईन.